महिनाअखेर, डिस्पॅच आणि सुजलेली बोटं : नोकरी करत ऱ्हुमॅटॉइड कसा सांभाळता?

कास्टिंगवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढते.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतीव लोखंडाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. वय ३८. दोनेक वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आजाराच्या दोन्ही रक्तचाचण्या पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, शिवाय फॉलिक अ‍ॅसिड. औषधं नेमानं घेते आणि एरवी बरं असतं. पण मधूनच दुखणं उठतं, आणि तेही महिनाअखेरीला, डिस्पॅचची गाडी गेटवर लागलेली असताना. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजतात, गरम लागतात. सकाळी मूठ वळत नाही. मापं घ्यायच्या व्हर्निअरचा जबडा अंगठ्यानं सरकवता येत नाही. भोक बरोबर मापाचं आहे का ते बघायचा प्लग गेज बोअरमध्ये (भोकात) घालून फिरवला की मनगटातून कळ निघते. थोडे पीस तपासून झाले की वाटतं, उरलेले नुसते डोळ्यांनी बघून सोडून द्यावेत. ते करता येत नाही, कारण रिपोर्टवर सही माझी असते आणि रिजेक्शन आलं की फोनही मलाच येतो.

दुखणं एक वेळ परवडलं, पण थकवा नको. दुपारी दोनला अंगात कणकण आणि डोळे मिटायला लागतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा दिवसांत तुम्ही काम कसं निभावता? आणि कामाच्या ठिकाणी सांगितलंय का? सांगितलं तर ‘मॅडम, मग घरीच बसा की’ असं ऐकावं लागेल. नाही सांगितलं तर कामचुकार ठरते आहेच. औषध कोणतं घ्यावं हे विचारत नाही, त्याला डॉक्टर आहेत. रोजचं कसं रेटता ते सांगा.

---

बावड्याचा बाळू

ताई, निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. आमच्या आज्जीनं निम्मा कसबा बावडा त्याच्यावर बरा केलाय. आणि मटण बंद करा, युरिक अ‍ॅसिड वाढतंय त्यानं.

---

आठवी गल्ली

बाळ्या, कोल्हापुरात राहून मटण बंद करा म्हणतोस? तुझं रेशनकार्ड जप.

---

फिजिओताई

बाळूदादा, युरिक अ‍ॅसिडचा तो गाउट, हा आजार वेगळा. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. गुडघ्याची झीज वेगळी, गाउट वेगळा, हा वेगळा. लोक तिन्हीला एकाच डब्यात घालतात आणि सगळ्यांना एकच पथ्य सांगतात. पाल्यानं शेकून बरं वाटत असेल तर शेका, फक्त आतला दाह त्यानं थांबत नाही.

कास्टिंगवाली, हातांबद्दल थोडं सांगते, मी रोज हेच करते.

सांधा गरम आणि टम्म सुजलेला असेल तेव्हा थंड शेक, कापडात गुंडाळून. सकाळी नुसता आखडलेला असेल तेव्हा कोमट पाणी. आंघोळीच्या वेळी बादलीत हात बुडवून पाण्यातच सावकाश मूठ उघड-मीट करायची. फ्लेअरमध्ये, म्हणजे दुखणं उठतं त्या दिवसांत, जोर लावायचा व्यायाम नको, पण हात पूर्ण बांधूनही ठेवू नका. दिवसातून दोनतीनदा हलक्या हातानं सांधा जेवढा फिरतो तेवढा फिरवायचा.

दुसरं, बारीक सांध्यांवरचं ओझं मोठ्या सांध्यांवर टाका. पिशवी बोटांत न धरता कोपरावर अडकवायची. बरणीचं झाकण बोटांनी न पिळता तळव्यानं दाबून फिरवायचं. चिमटीत धरायची प्रत्येक वस्तू जाड करा. पेनला, स्क्रू-ड्रायव्हरला रबरी नळीचा तुकडा बसवता येतो. मनगटाला रात्री स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावून बघा. कामावर लावायचा तर मशिनजवळ चालेल का, ते सेफ्टीवाल्यांना विचारून.

आणि एक नीट लक्षात ठेवा. एकच सांधा अचानक लालबुंद झाला, हात लावू देईना आणि जोडीला ताप असेल, तर त्याला फ्लेअर समजून घरी बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

---

मार्च एंडिंग

माझ्या मनातला धागा. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. आजार जुना, नोकरी त्याहून जुनी. नाव बघून कळलंच असेल की माझा फ्लेअर कधी येतो.

महिनाअखेरीलाच का येतो याचं माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय. महिनाअखेर म्हणजे झोप कमी, जेवण अवेळी, आणि रविवारीही बँक उघडी असल्यानं गोळीचा वार चुकणं. मेथोट्रेक्सेटचा माझा वार शनिवार रात्रीचा. दुसऱ्या दिवशी मळमळतं, म्हणून रविवार हाताशी ठेवलेला. मार्चमध्ये रविवारीही कामावर जायचं असलं की ‘या आठवड्याला राहू दे’ असा मोह होतो. आमच्याच शाखेतल्या एकानं तो मोह दोन-तीन आठवडे पुरवला आणि एप्रिल अख्खा बिछान्यात काढला. त्याचं बघून मी डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांनी आमच्या कामाच्या हिशोबानं वार बदलून दिला, मळमळीवर गोळी दिली. वार बदलता येतो हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी : ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेततं. मेडिकलवाल्यानं पाकिटावर सवयीनं ‘रोज १’ लिहून दिलेलं मी पाहिलंय. पाकिटावर स्केचपेननं वार लिहून ठेवा.

दुसरं, फ्लेअर आल्यावर डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आठवडा जातो. म्हणून बरं असतानाच त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्यायचं. दुखणं उठलं तर पहिल्या दिवशी काय, वेदनाशामक कोणतं आणि जास्तीत जास्त किती दिवस, सीआरपी (दाह मोजायची रक्तचाचणी) केव्हा करायची, फोन केव्हा करायचा, ताप असेल तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घ्यायची की थांबवायची. माझा तो कागद पाकिटात असतो. वेदनाशामकं मनानं खात सुटलं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही जातात.

सांगायचं की नाही, यावर उद्या लिहितो. आज रिकव्हरीची मीटिंग आहे.

---

पुण्यातला कोल्हापूरकर

मी आयटीत. लोकांना वाटतं खुर्चीवर बसून काय त्रास होणार. आठ तास कीबोर्ड बडवून बघा म्हणावं. फ्लेअरमध्ये मी बोलून टाइप करतो. एकदा ‘बिल्ड पडलंय’ (म्हणजे सॉफ्टवेअर तयार होताना अडकलंय) असं क्लायंटला बोललो तर मेलमध्ये ‘बिल्डिंग पडलीय’ गेलं. पलीकडून आधी काळजीचा फोन, मग शिव्या.

घरून काम मिळतं हे नशीब, पण त्याचा एक तोटा आहे. कॅमेऱ्यात मी धडधाकट दिसतो. हाताला प्लास्टर असतं तर चार लोकांनी विचारलं असतं.

---

पंचगंगेकाठ

सांगू नका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

माझ्या बायकोनं सांगितलं. खाजगी कंपनी, नाव घेत नाही. साहेब फार गोड बोलले, ‘तब्येत सांभाळा, आम्ही आहोत.’ पुढच्या महिन्यात तिच्याकडचं मोठं काम काढून दुसऱ्याला दिलं, ‘तुमच्यावर ताण नको’ म्हणून. वर्षअखेरीला इन्क्रिमेंटच्या वेळी म्हणाले, यंदा तुमच्याकडे जबाबदारी कमी होती. आधी जबाबदारी काढायची, मग कमी होती म्हणायचं. हे लेखी कुठं नसतं, म्हणून भांडताही येत नाही.

---

नलिनीकाकू

मुलींनो आणि मुलांनो, मी निवृत्त शिक्षिका. गंगावेशीत राहते. मला हा आजार लागला तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नसाल, १९८४-८५ ची गोष्ट. तेव्हा मेथोट्रेक्सेट या आजाराला सर्रास देत नव्हते. मला सोन्याची इंजेक्शनं होती. खरंच, सोन्याचा क्षार. दर आठवड्याला सुई आणि प्रत्येक वेळी आधी लघवीची तपासणी, मूत्रपिंडावर परिणाम होतो म्हणून. आमचे हे म्हणायचे, गुजरीत, सराफांकडे जाऊन तुला एक बांगडी कधी करता आली नाही, पण तुझ्या अंगात सोनं भरलं बघ.

शाळेत फळ्यावर लिहिणं हे माझं ‘व्हर्निअर’. खडू इतका बारीक की चिमटीत धरवायचा नाही. मग जुन्या साडीच्या काठाची पट्टी खडूला गुंडाळायची आणि खडू झिजेल तशी मागे सरकवत जायची. वर हात जायचा नाही म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. मागच्या बाकावरच्या मुली उभं राहून बघायच्या. शेवटी त्यांनीच बाक पुढे ओढले, मला काही न विचारता. मुख्याध्यापकांना मात्र डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन दिली होती आणि एवढंच मागितलं होतं की पहिला तास देऊ नका. बाकी सगळे तास, पेपर तपासणं, स्नेहसंमेलन, सगळं केलं. पहिला तास मिळाला नाही की सकाळचे दोन तास हात सैल व्हायला मिळायचे.

कास्टिंगवाली, एक विचारू? घरी भाकरी कोण थापतं?

---

आठवी गल्ली

काकूंनी बरोबर जागी प्लग गेज घातला.

---

कास्टिंगवाली

काकू. मीच थापते. नवरा शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे गेलेत. सकाळी सहाला पीठ मळायला घेतलं की पहिला अर्धा तास डोळ्यांतून पाणी. नवरा म्हणतो भात कर. सासूबाईंना भाताची सवय नाही.

पंचगंगेकाठ, तुम्ही लिहिलंत त्याचीच मला भीती आहे. इथं क्वालिटी हेडची जागा वर्षभरात रिकामी होणार आहे.

---

सासुरवाशीण राजारामपुरी

भाकऱ्या विकत घ्या! प्रत्येक पेठेत कुणी ना कुणी बाई करून देते, डबाही घरपोच. माझ्या सासूनं आठवडाभर तोंड वाकडं केलं, आता म्हणते तिच्या भाकरीला पदर चांगला सुटतो. लोक काय म्हणतील याची यादी केली तर तीत आपल्या बोटांचं नाव कुठंच नसतं.

---

बावड्याचा बाळू

मळायला परातीऐवजी मशिन येतंय की आता. आणि निर्गुडीचं अजून कुणी मनावर घेतलं नाही.

---

हायवेवरचा तंबू

मला एकानं पुडी सांगितलीय. रस्त्याकडंला तंबू टाकून बसतात ते. तीन दिवसांत सूज गायब. एवढ्या गोळ्या कशाला खाता सगळे?

---

वैद्य मंगळवार पेठ

मी स्वतः आयुर्वेदाचा वैद्य, म्हणून बोलतो. तीन दिवसांत सूज गायब करणाऱ्या बेनामी पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. महिन्यांनी चेहरा सुजून गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी एकदम थांबवली तर माणूस कोसळतो, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड करणं थांबवलेलं असतं. माझ्याकडे असे रुग्ण येतात, मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवतो. आयुर्वेदाची औषधं घ्यायची असतील तर दोन्ही डॉक्टरांना माहीत असू द्या आणि मेथोट्रेक्सेट आपल्या मनानं बंद करू नका. तिच्यावर असताना यकृताची आणि रक्ताची तपासणी वेळच्या वेळी. दारू नको. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

---

पुण्यातला कोल्हापूरकर

स्टेरॉइडवरून आठवलं. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या ऱ्हुमॅटॉइडच्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत त्या चालायला लागल्या. १९५० चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. सगळ्यांना वाटलं आजार संपला. मग दुष्परिणाम दिसायला लागले. तंबूवाले अजून १९४८ मध्येच आहेत.

---

फिजिओताई

म्हणून स्टेरॉइड वाईट असं मात्र नाही. डॉक्टर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी देतात, मुख्य औषध लागू पडेपर्यंत. मेथोट्रेक्सेटला गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. जुन्या चिठ्ठीवर परत परत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) आणून खाणं, तेवढं टाळा.

---

आठवी गल्ली

मूळ मुद्दा राहिला बाजूला. पांढरा रस्सा चालतो की नाही ते सांगा.

---

मार्च एंडिंग

चालतो. मी पितो. आंबट बंद, वांगं बंद, बटाटा बंद, डाळ बंद, असं करत करत माझ्या ताटात एकदा नुसतं मीठ उरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे बंद करून फरक पडला का? नाही पडला. मग सुरू करा म्हणाले. सिगरेट मात्र बंद करायलाच लावली. तिनं हा आजार व्हायचा धोकाही वाढतो आणि झाल्यावर औषधं नीट लागू पडत नाहीत.

आता सांगण्याबद्दल. पंचगंगेकाठ यांच्या घरात झालं ते खरंच होतं, मी नाकारत नाही. पण न सांगण्याचीही किंमत आहे. आमच्याकडे उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण पडते. तीन-चार लाल खुणा झाल्या की साहेबाच्या डोक्यात आपली एक गोष्ट तयार होते, आणि ती आपण लिहिलेली नसते.

मी आजाराचं नाव घेऊन सुरुवात केलीच नाही. ‘मला ऱ्हुमॅटॉइड आहे’ म्हटल्यावर समोरचा एक तर आपल्या आजीच्या गुडघ्यांबद्दल बोलतो नाही तर मरणाच्या गोष्टी काढतो. मी म्हटलं, साहेब, वर्षात काही वेळा आठ-दहा दिवस असे येतात की सकाळी दहापर्यंत माझ्या हाताला पेन धरवत नाही. त्या दिवसांत मला कॅश नको, सह्यांची थप्पी दुपारनंतर द्या. कर्जाच्या फाइलींची छाननी, फोन, कोर्टाची तारीख, हे सगळं मी करेन. म्हणजे काय जमणार नाही हे एका वाक्यात, आणि काय जमेल हे दोन वाक्यांत. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं. साहेब म्हणाले, मग आधी का नाही बोललास, मला वाटलं तुला बदली हवीय.

---

एचआर असूनही माणूस

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एचआर पाहतो. शिव्या खायची सवय आहे, तरी लिहितो.

सांगायचं तर ईमेलवर सांगा. तोंडी सांगितलेलं अप्रेझलच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. मार्च एंडिंग यांनी जसं मागितलं तसंच मागा. ‘मला समजून घ्या’ या मागणीवर कुठला फॉर्म नसतो, ‘महिन्याचे शेवटचे चार दिवस एक हेल्पर द्या’ यावर असतो. आणि पंचगंगेकाठ, तुमच्यासाठी : त्याच मेलमध्ये लिहावं की माझी सध्याची जबाबदारी कायम ठेवून ही सोय हवी आहे. मग काम काढून घेतलं तर निदान विचारता येतं.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऱ्हुमॅटॉइड नावानं नाही. पण सांधे कायमचे अधू होऊन हालचालीवर मर्यादा आली तर ते चलनविषयक दिव्यांगत्वात मोजतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर प्रमाणपत्राचे फायदे. हात सुजतात-उतरतात अशा अवस्थेत तेवढं भरत नाही. त्याच कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीत ते आहे का विचारा. नुसतं विचारलं तरी एचआर जागा होतो.

पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय लागू असतो. आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. हे शॉपफ्लोअरवरच्या कित्येकांना माहीतच नसतं. आजारी पडले की बिनपगारी बसतात.

---

पंचगंगेकाठ

मेल, धोरण, कायदा सगळं वाचलं. साहेबाला काढायचं असलं की तो वाकडा मार्ग शोधतोच. पण ‘जबाबदारी कायम ठेवून’ हे शब्द चांगले आहेत. बायकोला दाखवतो.

---

रंकाळ्याची हवा

पावसाळ्यात जास्त होतं का कुणाला? जून लागला की माझे हात आधी सांगतात, मग वेधशाळा.

---

नलिनीकाकू

होतं बाई. डॉक्टर म्हणतात पुरावा पक्का नाही. माझ्या बोटांनी तो पेपर वाचलेला नाही.

---

मार्च एंडिंग

हवेचं राहू दे, पावसाळ्यात गोळ्यांचा साठा ठेवा. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं होतं आणि गाड्या बंद होत्या. दुधाच्या पिशवीची मारामार होती, तिथं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कुठली मिळते. जुलै लागायच्या आत महिन्या-दीड महिन्याच्या गोळ्या घरात, आणि त्या माळ्यावर. बायोलॉजिकवर (गोळ्या पुरेनात तेव्हा देतात ती इंजेक्शनं) असाल तर इंजेक्शन फ्रिजमधलं, वीज गेली की पंचाईत. बर्फाच्या पिशव्यांसह छोटी पेटी तयार ठेवा.

---

बावड्याचा बाळू

पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. निर्गुडी पण वाहून गेली.

---

आठवी गल्ली

वारली बिचारी.

---

कास्टिंगवाली

सगळ्यांचे आभार. मधे लिहायला जमलं नाही, हात आणि डिस्पॅच दोन्ही चालू होते.

साहेबांशी बोलले. आधी मेल पाठवला, एचआर दादांनी सांगितलं तसा, ‘सध्याची जबाबदारी कायम ठेवून’ हे शब्द घालून. मग केबिनमध्ये गेले. साहेब जुने, पॅटर्न शॉपमधून वर आलेले. त्यांनी मेल वाचला होता. म्हणाले, हात दाखवा. मी टेबलावर ठेवले. डाव्या हाताची मधली दोन बोटं जरा जास्तच सुजलेली होती, अंगठी काढून पर्समध्ये ठेवलेली. बघितले आणि म्हणाले, या हातानं प्लग गेज फिरवत होता? मग गेज स्टोअरवाल्याला फोन. ठरलं ते असं : बोअर तपासायला फ्लेअरच्या दिवसांत ट्रेनी पोरगा, मी शेजारी बसून निकाल नोंदवणार आणि सही करणार. हाताच्या व्हर्निअरऐवजी सरफेस प्लेटवर डिजिटल हाइट गेज, त्याचं चाक तळव्यानंही फिरतं. पीस उचलायला ट्रॉली, जी खरं तर सगळ्यांसाठीच हवी होती.

नाइट शिफ्टचं जमलं नाही. महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी सगळ्यांना आहे, तुम्हाला सूट दिली तर बाकीचे बोलतील म्हणाले. रात्रपाळीनंतर हमखास उठतं, पण त्यावर अजून तोडगा नाही.

भाकरी बाहेरून सुरू केलीय. सासूबाई म्हणाल्या मीठ कमी आहे. चला, तेवढ्यावर भागलं.

डॉक्टरांकडून कागद लिहून आणला. मात्र त्यांचं म्हणणं, वर्षात इतके फ्लेअर येत असतील तर कागदावर भागणार नाही, मूळ औषधच बदलायला किंवा वाढवायला हवं. बायोलॉजिक नाही तर टोफासिटिनिबच्या गोळ्या. त्याआधी टीबीची तपासणी सांगितलीय. टीबी कशासाठी? मला तर खोकलाही नाही. आणि खर्चाचं कुणाला माहीत आहे का?

---

पुण्यातला कोल्हापूरकर

टीबीचा जंतू आपल्याकडे बऱ्याच जणांच्या अंगात झोपलेला असतो, लक्षणं नसतात. ही औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालतात, मग तो जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची टीबीची चाचणी. सापडला तर आधी काही आठवडे त्यावरची गोळी, मग हे. तपासणी टाळू नका. फ्लूची, न्यूमोनियाची लसही आधीच विचारून घ्या.

मी अडॅलिम्युमॅबवर आहे, पोटाच्या त्वचेत घ्यायचं इंजेक्शन, पंधरवड्यातून एकदा, घरीच टोचून घेतो. भारतीय बनावटीचं २०१४ पासून मिळतं, त्यामुळे परदेशीपेक्षा स्वस्त, तरी पगारदार माणसाला जाणवेल इतकं महागच. टोफासिटिनिब गोळी आहे आणि भारतीय कंपन्या बनवायला लागल्यापासून बरीच आवाक्यात आली. पण वय जास्त, सिगरेट, हृदयाचा त्रास किंवा रक्ताच्या गाठीचा इतिहास असेल तर डॉक्टर विचार करून देतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याबद्दल इशारा दिलाय.

विम्याचं पॉलिसी वाचून बघा. अ‍ॅडमिट न होता घेतलेली इंजेक्शनं बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर एचआरला विचारा.

---

एचआर असूनही माणूस

विचारा. आणि नाइट शिफ्टसाठी ‘सूट’ मागू नका, ‘बदल’ मागा. रात्रपाळीच्या आठवड्याऐवजी मी सेकंड शिफ्टचा जादा आठवडा करते, असं. बाकीच्यांना कुणालाच सेकंड शिफ्ट नको असते, तुमच्याशी अदलाबदल करायला दोघं-तिघं मिळतील. त्यांची नावं मेलमध्ये घालूनच साहेबांकडे जा.

---

फिजिओताई

ट्रेनी गेज फिरवताना तुम्ही खुर्चीवर बसा, उभ्या राहू नका. पायाच्या बोटांनाही हा आजार धरतो, सेफ्टी शूज टाचेत आणि बोटांत सैल बघून घ्या. आणि मेणाचा शेक कुणी सुचवला तर फ्लेअर उतरल्यावर, गरम सांध्यांना नाही.

---

पंचगंगेकाठ

हाइट गेज, ट्रॉली, सगळं छान. पण क्वालिटी हेडच्या जागेचं काय होतं ते मला बघायचंय. एप्रिलात परत लिहा.

---

कास्टिंगवाली

लिहिते. सेकंड शिफ्टला एक जण तयार झालाय, त्याच्या बदल्यात त्याला गणपतीत तीन दिवस सुट्टी हवीय.

---

आठवी गल्ली

स्वस्तात पटवलाय, गणपतीत मटण बंद असतंय.